पडद्यावरचा तीन नंबर

२ फेब्रुवारी

आत्या,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील तर राग आधी उरकून घे, मग पुढे वाच. फोनवर मी नुसती "बरी आहे, बरी आहे" करते आणि पत्रात मला खोटं लिहिता येत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. म्हणूनच फोन न करता लिहायला बसले.

बातमी अशी की तुझ्या वॉर्डात छातीला वायरी लावायचे जे नवे डबे आले आहेत ते आमच्या कंपनीचे आहेत, आणि त्यांचा ड्रायव्हर मी लिहिलेला आहे. माझा पहिलाच. वर्षभर तो इतर हॉस्पिटलांत चालू आहे, तेव्हा मला एवढं काही वाटलं नव्हतं. तुझ्याकडे आला हे कळल्यापासून मात्र जेवण जात नाही. तू परीक्षा घेते आहेस असं वाटतं.

तू विचारलं होतंस, ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा आपल्याला काय काय जोडलेलं आहे हे त्याला माहीत नसतं. तो एकेका तोंडाशी जाऊन विचारतो, कोण तू? डब्यातली एक बारीकशी चिप दोन आकडे सांगते, एक बनवणाऱ्याचा आणि एक मॉडेलचा. मग कॉम्प्युटर आपल्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांना चाळतो. ज्याच्या यादीत ते आकडे असतील त्याला हाक मारतो, "बघ रे, हा तुझा का?" ड्रायव्हर तपासून बघतो. आपला असेल तर त्याचा हात धरतो, त्याला एक नाव देतो, आणि तिथून पुढे डबा जे बोलेल ते पडद्यापर्यंत पोचवतो. नसेल तर "माझा नाही" म्हणून सोडून देतो. कोणाला आपलं म्हणायचं आणि कोणाला नाही, एवढंच मी लिहिते.

डबे नीट चालतात ना? खरं सांग. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

तुझी
शंकासुर


११ फेब्रुवारी

शंकासुर,

तुझ्या बापाला सांगितलं की पोरगी ड्रायव्हर लिहिते. तो म्हणाला, "ड्रायव्हर चालवतात, लिहितात कधीपासून?" मग आठवडाभर भेटेल त्याला हाच विनोद ऐकवत होता. हसणाऱ्यांत तो एकटाच होता.

डबे आले, लावले. सहा खाटांना सहा डबे, आणि सगळ्यांच्या ओळी काउंटरवरच्या एकाच पडद्यावर. खाटेजवळ पडदा नाही, हे मला काही फारसं पटलेलं नाही, पण मला कोण विचारतंय. डॉक्टरांना बसल्या जागी सगळं दिसतं म्हणून ते खूश आहेत. आमच्याकडे एक नवी नर्स आली आहे, तिला सगळे धाकटी म्हणतात. तीही खूश. तिला वाटतं, आता नाडी बघायला उठायला नको. मी तिला उठवतेच.

तीन नंबरला एक निवृत्त पोस्टमन आहेत आणि चार नंबरला एक शिंपी. शिंपी पहिल्याच दिवशी म्हणतो, "सिस्टर, तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. युनिफॉर्म शिवणाऱ्याने झाकायला हवा होता." मी म्हटलं, "तुमचं हृदय दोन ठोके देऊन दम खातं, ते मी कुणाला सांगत फिरते का?" तेव्हापासून आमचं जमलं आहे.

आता एक विचारायचं आहे. परवा वीज गेली आणि आली. कॉम्प्युटर परत सुरू झाला तेव्हा तीन नंबरच्या ओळीत मला शिंप्याचे ठोके दिसले. दोन ठोके, दम, दोन ठोके. मी उठून त्याचं मनगट धरलं, तर ताल तोच. तेवढ्यात धाकटीने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि सगळं जागच्या जागी आलं. धाकटी म्हणते, "सिस्टर, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा." असेलही. पण तुझ्या कानावर घालते.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर लिहिते आहे. लिहिलेलं सगळं पुन्हा काढून वाचलं. मग साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अशा तक्रारींत बहुतेक वेळा वायर सैल असते. तू आधी स्वतःवर संशय घ्यायचं बंद कर." मला जरा लाज वाटली.

अदलाबदल होणं शक्य नाही, कारण ते दोन आकडे सगळ्या डब्यांचे सारखे असले तरी प्रत्येक चिपमध्ये तिचा स्वतःचा असा तिसरा नंबरही असतो. तो कारखान्यातूनच येतो. ड्रायव्हर तो बघतो आणि मगच कुठला डबा कुठल्या खाटेचा हे ठरवतो. तेव्हा तू एक कर. तीन आणि चारच्या वायरी कॉम्प्युटरच्या बाजूने उपसून काढ, टोकं कोरड्या फडक्याने पूस आणि परत घट्ट लाव. टोकांवर नंबर चिकटवलेले आहेत, त्यामुळे कुठली कुठे याचा गोंधळ होणार नाही.

पुन्हा तसं दिसलं तर मात्र लगेच कळव. वर "शक्य नाही" असं लिहिताना मला बरं वाटलं नाही. पण खोडलं तर तू म्हणशील हिला अजून धड वाक्य लिहिता येत नाही, म्हणून तसंच ठेवते.

शिंप्यांना सांग, माझा कुठला खांदा खाली आहे ते फोटोवरून ओळखता आलं तर बघा.

तुझी
शंकासुर


३ मार्च

शंकासुर,

शिंपी गेला.

सकाळची ड्युटी धाकटीची होती. मी आदल्या दिवशीची ड्युटी संपवून घरी आले होते. पडद्यावर तीन नंबरची रेघ सपाट झाली आणि घंटा वाजायला लागली. धाकटी आणि डॉक्टर पळत तीन नंबरला गेले. पोस्टमन अंथरुणात बसून संत्रं सोलत होते. म्हणाले, "अहो, मेलेलं नाही मी, इतक्यात काय धावता!" सगळे हसले. धाकटीने त्यांच्या छातीवर वायरींसाठी चिकटवलेल्या चकत्या बदलल्या. घंटा बंद केली. ती परत वाजली. परत बदलल्या. चकत्या काढताना चार नंबरची ओळ जराशी थरथरली होती म्हणे, पण तिकडे बघायचं कोणाला सुचलं नाही. एरवी ती छान चालली होती. शिंपी भिंतीकडे तोंड करून झोपला आहे असंच सगळ्यांना वाटलं. वॉर्डातल्या मावशी चहा द्यायला गेल्या आणि हाक मारून ओ येईना, तेव्हा कळलं.

चौकशी लागली आहे. आदल्या दिवशी कोणीतरी वायरींना हात लावला होता, असं म्हणतात. नंतरच्या धावपळीत सगळ्याच वायरी उपसल्या गेल्या, त्यामुळे कुठली कुठे होती हे आता कोणालाच सांगता येत नाही. धाकटीवर शेकणार असं दिसतं. ती स्टाफ रूममध्ये बसून असते, भरवलं तर खाते.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. एवढंच सांग. वायर उपसली आणि परत तिच्याच भोकात लावली, तर डब्याचं काही बिघडतं का?

आत्या


९ मार्च

आत्या,

बिघडतं.

इतके दिवस माझ्या टेबलावर एकच डबा असायचा. एकच असला की चुकायला दुसरा कोणी नसतो. तुझं पत्र वाचून मी स्टोअरमधून आणखी दोन आणले आणि तिन्ही लावले. वायरी उपसल्या, लावल्या, पुन्हा उपसल्या. मग चिपांमध्ये तो तिसरा नंबर शोधला. नंबराच्या जागी शून्यं आहेत. सगळ्या चिपांमध्ये. पहिल्या मालाला वेगवेगळे नंबर होते, पुढचा माल दुसरीकडून घेतला, आणि त्यांनी नंबर घातलेच नाहीत. मला कोणी सांगितलं नाही. मीही उठून बघितलं नाही.

नंबर मिळाला नाही तर काय करायचं, हे मी लिहून ठेवलेलं होतं. तिथे "माझा नाही" म्हणून सोडून द्यायला हवं होतं. पडदा काळा राहिला असता, तुम्ही आरडाओरडा केला असता, कोणीतरी दुरुस्त करायला आलं असतं. पण मी ते लिहिलं तेव्हा साहेबांना काम दाखवायचं होतं, आणि त्यांच्यासमोर पडदा काळा राहील अशी मला भीती होती. म्हणून मी लिहिलं की नंबर नसेल तर जो डबा आधी जागा होईल त्याला पहिली मोकळी ओळ द्यावी. कुठल्या भोकात लावलाय हे तो बघतच नाही. तीन आणि चार दोन्ही उपसल्या आणि आधी चारची लावली, की चार नंबरचा डबा तीनच्या ओळीत जाऊन बसतो. वीज गेल्यावर कुठला डबा आधी जागा होईल याचा नेम नसतो, म्हणून तेव्हाही तुला तसं दिसलं. तुझा चष्मा ठीक आहे.

लहानपणी माझा ताप हटत नव्हता आणि शाळा बंद होती, तेव्हा मी तुझ्या क्वार्टरमध्ये राहिले होते. बाटल्यांवरची लेबलं वाचायला लावून तू मला अक्षरं शिकवलीस. तेव्हाच हेही शिकवलं होतंस की पेशंटला "तुम्ही अमुक ना?" असं कधीही विचारायचं नाही. "तुमचं नाव सांगा" म्हणायचं. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. माझा ड्रायव्हर डब्याला विचारतो, तू तीन नंबर ना? डब्याला कुठे नाही म्हणता येतं?

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. आत्ता बोललीस तर बाहेर गेलेला प्रत्येक डबा परत येईल. चौकशीला तिच्या वाटेने जाऊ दे." मी मान डोलावली. का डोलावली कळत नाही.

आणि आत्या, वायरींना हात लावणारं "कोणीतरी" तू आहेस ना? मीच तुला लिहिलं होतं, उपसून पूस म्हणून.

शंकासुर


१४ मार्च

शंकासुर,

हो, मीच. फडकं घेऊन पुसल्या, टोकांवरचे नंबर बघून ज्याच्या त्याच्या भोकात लावल्या आणि घरी गेले. पडद्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिले असते तर ताल ओळखला असता. तेवढं केलं नाही. शिंपी म्हणालाही, "सिस्टर, आज घाईत दिसता." त्या विषयावर मला आणखी काही लिहायचं नाही.

आता नीट वाच. काल मी चौकशीवाल्यांना लिहून दिलं की वायरी मी काढल्या आणि परत लावताना माझ्या हातून उलट्या लागल्या. धाकटी सुटली. तिच्या आईने येऊन माझे पाय धरले, मला ते अजिबात आवडलं नाही. लिहिलेल्यातला "उलट्या" हा एकच शब्द खोटा आहे. बाकी सगळं खरं आहे, तुझं पत्र सोडून. ते मी कोणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही.

माझी नोकरी संपत आली आहे. तुझी आत्ता कुठे सुरू होते आहे. माझ्या वयाच्या बाईची चूक लोक विसरतात, म्हणतात, वय झालं होतं. तुझी चूक जन्मभर तुझ्या पुढे चालेल. वॉर्डातला तो पडदा मी बंद करायला लावला आहे, आम्ही पूर्वीसारखे मनगट धरून ठोके मोजतो. इथे आता कोणाला धोका नाही. तेव्हा गप्प बसायचं. आयुष्यात एकदा तरी शंका न काढता माझं ऐक.

आत्या


१९ मार्च

आत्या,

नाही ऐकत.

तुझ्या वॉर्डात धोका नाही. पण तू लिहून दिलेल्याची प्रत आमच्याकडे आली, आणि साहेबांनी तिच्या आधारे सगळ्या हॉस्पिटलांना सूचना धाडली. "वायरी लावताना नंबर काळजीपूर्वक पाहावेत. त्या उलट्या लागल्याने एक दुर्घटना घडली आहे." आता सगळीकडे नंबर बघून वायरी लावतील, वर चिकटपट्टी मारतील आणि निर्धास्त होतील. मग एखाद्या दिवशी वीज जाईल. तुझ्या त्या एका शब्दाने डबे निर्दोष ठरले.

तू हे माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. तेच सहन होत नाही. मला चूक दाखवताना तू कधी हात आखडला नाहीस. मग आत्ताच का?

मी चौकशीवाल्यांना सगळं लिहून पाठवलं आहे. कुठे काय लिहिलं, का लिहिलं, डबे कसे लावून बघितले, आणि वायरी उपसायला मी सांगितल्या होत्या हेही. तू त्या सरळच लावल्या होत्यास हे पहिल्या ओळीत लिहिलं. मग साहेबांच्या टेबलावर त्याची प्रत ठेवली. त्यांनी वाचली, माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि म्हणाले, "आपण फार प्रामाणिक आहोत असं तुला वाटतंय ना? तू फक्त घाबरट आहेस." हेही खरं असेल. मला त्यातला फरक सांगता येत नाही.

आता घरी बसून एकेका हॉस्पिटलला फोन करते आहे. काउंटरवरचा पडदा बंद करा, पेशंटपाशी जाऊन बघा, एवढंच सांगते. बरेच जण फोन ठेवून देतात. एका बाईंनी विचारलं, "आपण कोण बोलताय? कंपनीतून का?" मी म्हटलं, "नाही. ज्या मुलीची चूक आहे ती मी." त्या म्हणाल्या, "थांबा, पेन घेते."

तू दिलेलं मागे घे. माझ्यासाठी नको. ज्या वॉर्डांत अजून पडदा चालू आहे त्यांच्यासाठी घे.

शंकासुर


२ एप्रिल

शंकासुर,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर काहीतरी तोडून लिहिलं असतं.

चौकशीवाल्यांनी मला बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं. विचारलं, "तुम्ही वायरी उलट्या लावल्या होत्या का?" मी नाही म्हटलं. "मग तसं लिहून का दिलंत?" मी म्हटलं, भाची आहे. खोटं लिहून दिल्याबद्दल मला कामावरून काढलं. निरोप समारंभ वाचला, मला तसाही हार घालून घ्यायचा नव्हता. तुझा बाप येऊन बसतो. माझी भांडी घासून ठेवतो.

शिंप्याची बायको घरी आली होती. मी तिला सगळं सांगितलं, माझंही आणि तुझंही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे ती घंटा ह्यांचीच वाजत होती?" मी हो म्हटलं. जाताना तिने दार फार हळू लावलं.

काल धाकटी आली होती, तिने सांगितलं. पेन घेते म्हणाल्या होत्या त्या बाईंनी तू सांगितल्यावर आमच्या वॉर्डाचा नंबर शोधून फोन केला. त्यांच्याकडे हे आधीच होऊन गेलेलं आहे, जानेवारीत. दोन खाटा शेजारी शेजारी, वीज गेली आणि आली, घंटा एकीकडे वाजली आणि माणूस दुसरीकडे गेला. त्यांनी तेव्हाच तुझ्या कंपनीला कळवलं होतं. उत्तर आलं, वायरी तपासा. म्हणजे तू माझं पत्र घेऊन साहेबांकडे गेलीस तेव्हा त्यांना हे माहीत होतं.

तिथल्या नर्सला काढून टाकलं. सकाळी सगळ्या वायरी काढून तिने त्यांच्यावरची धूळ पुसली होती, म्हणून. तिनेही माझ्यासारखंच लिहून दिलं, की माझ्या हातून उलट्या लागल्या असाव्यात. फरक एवढाच की मी जाणून खोटं लिहिलं आणि तिने खरं समजून लिहिलं. ती आता घरात असते. कोणाशी बोलत नाही. नवरा कामावर जाताना स्वयंपाकघराला कुलूप लावून जातो. का ते तुला सांगायला नको.

तिचा पत्ता शेवटी दिला आहे. मी लिहिलं तर म्हातारी समजूत काढते आहे असं तिला वाटेल. तू लिही. लगेच.

आत्या


५ एप्रिल

ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या वॉर्डात खाटांना जे डबे जोडलेले होते, ते पडद्याला जोडून देणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. हे पत्र फाडावंसं वाटलं तर फाडा, पण एवढं वाचून फाडा.

जानेवारीत तुम्ही वायरी काढून त्यांच्यावरची धूळ पुसली. त्याने काहीही झालं नाही. कुठली वायर कुठे लावली हे माझा प्रोग्रॅम बघतच नाही. वीज आल्यावर जो डबा आधी जागा होतो त्याला तो पहिली ओळ देऊन टाकतो. त्या दिवशी वायरींना कोणाचाच हात लागला नसता तरी पडद्यावर हेच दिसलं असतं आणि घंटा तिथेच वाजली असती.

तुम्ही लिहून दिलंत की माझ्या हातून उलट्या लागल्या असाव्यात. त्या उलट्या लावल्याचं तुम्ही आठवून बघत असाल. कुठली आधी धरली, कुठला हात, तेव्हा कोण हाक मारत होतं. ते सापडत नसेल, आणि सापडत नाही म्हणून आपण काहीतरी लपवतो आहोत असंही वाटत असेल. ते सापडणार नाही, ताई. तसं झालेलंच नाही. मी कंपनीत असताना तीन डबे समोर ठेवून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. वायरी सरळ लावायचे आणि पडद्यावर ओळी उलट्या यायच्या.

तुमचं काम नीट होतं. माझं नव्हतं. चौकशीवाल्यांना मी हे लिहून दिलं आहे आणि तुमच्या हॉस्पिटललाही आज पाठवते आहे. पण कागद पोचायला वेळ लागतो आणि वाचणारे आपल्या सवडीने वाचतात. म्हणून मी निघाले आहे. हे पत्र आणि मी बहुधा एकाच दिवशी पोचू. तुमच्या यजमानांसमोर, घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, तुम्ही म्हणाल त्याच्यासमोर मी हे सांगेन.

तुम्ही दार उघडलं नाहीत तरी चालेल. मी बाहेरून मोठ्याने सांगेन.